आडव्या गल्लीचा नकाशा

दप्तरखान्याचं दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर माणसं येऊन बसलेली असायची, आणि त्यांतलं एक तरी रागावलेलं असायचं. मागण्यांच्या टेबलावर बसणाऱ्या नकाशेबाईंना ते फाटकातूनच ओळखू यायचं. शांत माणूस कागदांची पिशवी मांडीवर ठेवतो. रागावलेला ती छातीशी कवटाळून बसतो.

दारावरच्या पाटीवर 'अभिलेखागार, नागरिक कक्ष' असं लिहिलेलं होतं, पण लोक दप्तरखानाच म्हणायचे. शहराचे जुने नकाशे, घरांचे आराखडे, रस्त्यांच्या मोजण्या, शाळांचे फोटो, बंद पडलेली वर्तमानपत्रं असं सगळं तिथे होतं. कुणीही यावं, अर्ज करावा आणि बघावं, अशी सोय होती. सोय कागदावर. तळघरात ओल शोषणारं यंत्र दिवसभर घरघरायचं आणि तरी खोक्यांचा कुबट वास जायचा नाही. लिफ्टच्या दाराला 'दुरुस्ती चालू' अशी पाटी कायमची लटकलेली. खोकी वर आणून देणारा दप्तरी गुडघे धरत जिना चढायचा आणि खोकं टेबलावर आदळताना म्हणायचा, "घ्या बाई, आणखी एक बाळंतपण."

त्यात वरून नवी संगणक प्रणाली आली होती. पूर्वी माणूस यायचा, काय हवं ते तोंडाने सांगायचा, बाई उठून काढून द्यायच्या. आता प्रत्येक मागणीला 'विषयसंकेत' नावाचा आकडा लागायचा. लोक तो कुठून आणणार? ते बाईंवर ओरडायचे, बाई प्रणालीवर चिडायच्या आणि प्रणाली पडद्यावर एक गोल चाक फिरवत बसायची. संध्याकाळी बाई घरी जायच्या त्या कपाळाची शीर धरूनच.

घरी पोस्टमनकाका असायचे. काका म्हणजे बाईंचे यजमान. सगळं शहर त्यांना पोस्टमनकाकाच म्हणायचं, निवृत्त झाले तरी. आयुष्यभर त्यांनी टपाल वाटलं होतं आणि आता त्यांना वाटायला काही उरलं नव्हतं. ते चहा करून ठेवायचे. बाई आल्या की समोर बसायचे.

"तू हे शहर बसून पाहिलंस," ते चेष्टेने म्हणायचे. "मी चालून पाहिलं. फरक आहे."

"फरक आहेच. तुम्हाला कुणी विषयसंकेत मागितला नाही."

दोघं हसायची. मग बाई ऑफिसचं सांगत सुटायच्या, काका ऐकायचे. काकांचं सांगायचं राहूनच जायचं. बाईंच्या ते लक्षात यायचं, पण झोपायच्या वेळी, आणि तेव्हा फार उशीर झालेला असायचा.

*

पहिल्यांदा ती गल्ली मागितली एका घड्याळजींनी.

वयस्कर गृहस्थ, पांढऱ्या मिशा, डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या भुवईखाली कायमची पडलेली गोल खूण. नम्रपणे उभे राहिले आणि म्हणाले, "आडव्या गल्लीचा नकाशा पाहिजे होता. आमचं जुनं घर होतं तिथे. नातवंडांना दाखवीन म्हणतो."

"कुठली आडवी गल्ली?"

"गिरणीच्या रस्त्यावरून आत शिरते आणि दवाखान्याच्या रस्त्याला निघते ती. शिंप्याच्या दुकानाला लागून."

बाईंनी नेहमीसारखे डोळे मिटले. गिरणीचा रस्ता त्यांच्या डोळ्यांपुढे उलगडला. कोपऱ्यावर गिरणी, मग छापखाना, मग शिंपी, शिंप्याला खेटून बॅटऱ्यांचं दुकान. दोन्ही दुकानांच्या मध्ये एकच भिंत, सामाईक. गल्ली जायला जागाच नव्हती.

"तिथे गल्ली नाही, आजोबा. तुम्ही दुसरी कुठली तरी म्हणत असाल."

"उतरती आहे," घड्याळजी म्हणाले, जणू त्यांनी ऐकलंच नाही. "मधोमध नळ आहे. पाणी यायच्या आधी तो गुणगुणतो. शेवटच्या घराचा जिना बाहेरून आहे आणि त्याची एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. नवा माणूस तिथे हमखास अडखळतो."

बाईंनी नकाशे काढले. मोजणीचे, घरपट्टीचे, गटारांचे, अगदी नळाच्या लाइनीचेसुद्धा. टेबलभर पसरून दोघांनी पाहिले. जुन्यात जुन्या नकाशावरही त्या दोन जागांच्या मध्ये एकच रेघ होती. बारीक, काळी, सरळ.

घड्याळजींनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग त्यांचा सूर बदलला. "तुमच्याकडे सांभाळायला दिलं होतं ना सगळं? मग हरवलंत कसं?"

"जे नव्हतंच ते हरवेल कसं?"

"मी तिथे लहानाचा मोठा झालो, बाई!"

त्या दिवशी त्यांनी साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणजे कक्षाचे प्रमुख. तक्रार आली की ते चष्मा काढून पुसायचे. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "'उपलब्ध नाही' असा शेरा मारा आणि अर्ज निकाली काढा. कशाला डोक्याला ताप?"

बाईंनी शेरा मारला. पण मनातून ते जाईना. आपल्याला एखादी जागा सापडली नाही, असं त्यांच्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

*

मग एक नर्स आली. तरुण, ड्यूटीच्या कपड्यांतच, घाईत.

"आडवी गल्ली. गिरणीच्या रस्त्यावरची. नकाशा नसेल तर फोटो चालेल."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "घड्याळजींना ओळखता तुम्ही?"

"कोण घड्याळजी?"

बाई बारकाईने बघत होत्या. मुलगी खोटं बोलत नव्हती. तरी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या गल्लीत मोठं झाड होतं तेच ना?"

"झाड? छे. झाडाला ऊनच कुठे मिळणार तिथे? नळ होता. गुणगुणायचा." ती हसली. मग हसू मावळलं. "आई तिथे राहायची. मी लहानपणी जायचे. मध्ये विसरूनच गेले होते बघा. परवा रुग्णाच्या बिछान्याची चादर बदलत होते आणि एकदम सगळं आठवलं. त्या उंच पायरीवर आपटून गुडघा फुटला होता, तेसुद्धा."

तिने खरोखरच वाकून गुडघा दाखवला. तिथे जुना पांढरा व्रण होता.

बाईंनी पुन्हा नकाशे काढले, पुन्हा तीच रेघ दाखवली. नर्सही चिडली. आपली वस्तू कुणी मुद्दाम दडवून ठेवल्यावर माणूस चिडतो तशी. जाताना तिने दार आपटलं आणि काचेवरची वेळापत्रकाची चिठ्ठी खाली पडली.

त्यानंतर रीघच लागली. एक निवृत्त मुख्याध्यापक आले. रंगकाम करणारा एक जण आला, त्याच्या कानाच्या पाळीला चुना लागलेला. दोन जावा आल्या आणि गल्लीत शिरताना पहिलं घर कुणाचं यावरून बाईंच्या टेबलापाशीच भांडल्या. सगळे एकमेकांना अनोळखी, आणि सगळ्यांना तोच उतार, तोच नळ, तीच पायरी ठाऊक. प्रत्येकाला नकार मिळाला की प्रत्येकाचा एकच प्रश्न असायचा, हरवलंत कसं?

साहेबांनी चष्मा पुसून पुसून जवळजवळ झिजवला. "टोळी आहे, टोळी," ते म्हणाले. "जागा लाटायची असेल कुणाला तरी. आज नकाशा मागतील, उद्या मालकी सांगतील. लक्ष देऊ नका."

"पण सर, लाटायला जागा तर पाहिजे. तिथे हात घालायला फट नाही."

"मग तर प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

दप्तरी मात्र खोकी आणताना आता विनोद करेनासा झाला होता. एकदा त्याने गिरणीच्या रस्त्याचं खोकं टेबलावर ठेवलं, आदळलं नाही, नुसतं ठेवलं, आणि म्हणाला, "बाई, हे हल्ली हलकं लागतं हो."

"कागद तेवढेच आहेत."

"तेवढेच आहेत. मी मोजले. तरी हलकं लागतं."

"गुडघ्याचं औषध बदललं असेल तुमचं," बाई म्हणाल्या. तो हसला नाही.

*

बाईंनी काकांना विचारलं. खरं तर सगळ्यांत आधी त्यांनाच विचारायला हवं होतं. गिरणीचा रस्ता काकांच्या वाटपात कित्येक वर्षं होता. तिथला कुत्रासुद्धा त्यांना नावाने ओळखायचा.

"आडवी गल्ली?" काकांनी क्षणभरही विचार केला नाही. "अशी गल्ली नाही. शिंपी, मग बॅटऱ्या. मध्ये सुरी जाणार नाही. कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांना वेड लागलंय. मी डोळे बांधून तो रस्ता चालून दाखवीन."

बाईंना किती बरं वाटलं ते त्यांनाच ठाऊक. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या बाजूने बोललं होतं. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः गिरणीच्या रस्त्यावर गेल्या. भर दुपार, लख्ख ऊन. शिंपी मशीनवर वाकलेला होता. त्याच्या दुकानाची उजवी भिंत निळ्या रंगाने रंगवलेली, तिच्यावर खिळ्यांना कापडाचे नमुने टांगलेले. बाईंनी भिंतीवर हात फिरवला. भिंत भिंतीसारखीच होती.

"या भिंतीपलीकडे काय आहे?"

"बॅटऱ्यांवाला." शिंप्याने दोरा दाताने तोडला. "कटकट नुसती. दुपारी झोपू देत नाही. खुर्च्या ओढतो, भांडी आपटतो. परवा तर कुणाचं तरी लहान मूल रडत होतं तिकडे. दुकानात मूल कशाला आणावं माणसाने?"

बाई बाहेर पडून शेजारच्या दुकानात शिरल्या. बॅटऱ्यांवाला एकटाच होता. दुकानात खुर्ची नव्हती, एक स्टूल होतं. भांडं म्हणाल तर पाण्याची बाटली.

"तुमच्याकडे लहान मूल असतं का हो?"

"आमच्याकडे?" त्याने अंगठ्याने बाजूच्या भिंतीकडे खूण केली, त्याच सामाईक भिंतीकडे. "त्या शिंप्याकडे असतं. दिवसभर गोंधळ. किती वेळा सांगितलं त्याला. मलाच खोटं पाडतो."

बाई दोन दुकानांच्या मध्ये रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही शटरांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मध्ये पोस्टकार्डही गेलं नसतं. त्या बराच वेळ तिथेच उभ्या होत्या. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा भानावर आल्या.

*

नियम असा होता की नाकारलेल्या अर्जाची प्रत अर्जदाराला पोचली पाहिजे. घड्याळजींची प्रत टपालातून परत आली. शेरा होता, 'पत्ता बदलला.' बाईंनी ती पिशवीत घातली आणि घरी जाताना स्वतःच त्यांच्या दुकानापाशी उतरल्या. दुकानाला कुलूप होतं. काचेमागच्या कप्प्यांत एकही घड्याळ नव्हतं.

शेजारी झेरॉक्सचं दुकान होतं. "आजोबा ना? गेले की," झेरॉक्सवाला म्हणाला. "जुन्या घरी राहायला गेले. हातगाडीवर सामान घालून. काय खूश होते म्हणून सांगू! मला चावी देऊन गेले, म्हणाले, आता लागणार नाही."

"जुनं घर कुठे?"

"आडव्या गल्लीत म्हणाले."

बाई पुढे झाल्या. "ती कुठे आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"मला कसं माहीत असणार?" त्याने बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं. "तुमच्या ऑफिसला माहीत असेल ना."

नर्सच्या दवाखान्यात त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला. तिने नोकरी सोडली होती. कारण विचारलं तर मेट्रन वैतागून म्हणाली, "आईकडे राहायला जाते म्हणाली. अहो, तिची आई याच वॉर्डात गेली. माझ्यासमोर. दोन वर्षं झाली."

बाईंनी फोन ठेवला. समोर रांग होती. पुढच्या माणसाने टोकन काचेवर आपटलं. "मॅडम, झोपलात का?"

*

हे त्यांनी काकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काय झालं असतं, यावर नंतर त्यांनी फार विचार केला.

काका त्या दिवसांत लांब फिरायला जायला लागले होते. यायचे ते घामाघूम आणि गप्प. चहा करायचं विसरायचे. बाईंना वाटलं, निवृत्तीनंतर होतं असं काही जणांचं, जाईल हळूहळू. त्यांच्या डोक्यात तपासणीचं पथक होतं. वरून माणसं येणार होती, आडव्या गल्लीच्या तक्रारींची चौकशी करायला.

एका संध्याकाळी जेवताना काका घास हातात धरून थांबले.

"तो नळ गुणगुणायचा," ते म्हणाले.

बाईंनी ताटावरून मान वर केली. नळाबद्दल त्यांनी घरी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. "कोणता नळ?"

"आडव्या गल्लीतला. मी वाकून पाणी प्यायचो. उन्हातून गेलं की काय गार वाटायचं तिथे."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, तिथे सुरी जाणार नाही म्हणून?"

"म्हणालो खरा. तेव्हा आठवलं नव्हतं." ते लाजल्यासारखे हसले. "रोज जायचो गं मी तिथे. तिथल्या कुणी मला कधी दारात उभं ठेवलं नाही. बसा म्हणायचे. काय नवीन, म्हणून विचारायचे. आणि मी सांगायला लागलो की ऐकत बसायचे."

बाईंनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तारखा विचारल्या, आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काकांनी सगळं बिनचूक केलं. "तुमच्यापेक्षा त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे," डॉक्टर हसत म्हणाले. बाईंना हसू आलं नाही.

त्या रागावल्या. भीती वाटली की त्यांना राग यायचा, हा त्यांचा स्वभावच होता. "पुन्हा त्या गल्लीचं नाव काढायचं नाही घरात," त्यांनी बजावलं. "ऑफिसात तेच, घरी तेच. मी काय करू, डोकं आपटून घेऊ?"

"बरं," काका म्हणाले.

*

तपासणीचं पथक आलं त्या दिवशी सकाळपासून प्रणाली बंद होती. तीन अधिकारी बाईंच्या मागे खुर्च्या टाकून बसले होते. साहेब घाम पुसत होते. रांग दाराबाहेर गेली होती आणि कुणीतरी मोठमोठ्याने करदात्यांच्या हक्कांबद्दल बोलत होतं.

टोकनचा क्रमांक पुकारला गेला. बाईंनी वर न बघताच हात पुढे केला. हातात अर्ज आला. अक्षर ओळखीचं होतं.

काचेपलीकडे काका उभे होते. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, कुणाच्या लग्नाला निघाल्यासारखे.

"अहो, हे काय?" बाई कुजबुजल्या. "घरी बोलू आपण."

"घरी तू ऐकत नाहीस," काका शांतपणे म्हणाले. "इथे ऐकावं लागतं."

"तुम्हाला माहीत आहे, नाहीये तसा नकाशा."

"तू बघ ना एकदा. माझ्यासाठी. बाकीच्यांसाठी बघितलंस तसं."

मागे एका अधिकाऱ्याने घसा खाकरला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "घरगुती गप्पा नंतर मारा!" बाईंचा चेहरा तापला. त्यांनी नकाशा काढला नाही. शिक्का उचलला आणि अर्जावर मारला. 'उपलब्ध नाही.' जरा जोरातच बसला तो.

काकांनी अर्ज उचलून वाचला. नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतक्या लोकांना बाईंनी नकार दिला होता, पण न रागावलेले हे पहिलेच.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग मीच जाऊन बघतो."

बाई उठल्या. साहेबांनी मागून हाक मारली. अधिकाऱ्यांना त्या सामाईक भिंतीचा नकाशा बघायचा होता. बाई बसल्या.

*

दुपारी घरचा फोन कुणी उचलला नाही.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा चावी शेजारणीकडे होती. बिछान्याची चादर ताणून घातलेली. दाढीचं सामान नव्हतं. चालायच्या चपला नव्हत्या. निवृत्तीनंतर खुंटीला टांगलेली टपालाची खाकी पिशवी नव्हती.

ओट्यावर चहा करून झाकून ठेवलेला होता. एकच कप. गार झालेला.

*

पोलीस ठाण्यात हवालदाराने सगळं लिहून घेतलं. वय, उंची, शर्टाचा रंग. "कुठे गेले असतील, काही अंदाज?"

बाईंनी रस्ता सांगितला, शिंप्याचं दुकान सांगितलं. मग गल्लीचं नाव.

हवालदाराने संगणकात बघितलं, भिंतीवरच्या नकाशात बोट फिरवलं. "असं काही दिसत नाही इथे."

"आहे," बाई म्हणाल्या. हा शब्द आपल्या तोंडून बाहेर पडला याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "तुम्ही नीट बघा. तुमच्याकडे नसेल तर हरवलं असेल तुमच्याकडून!"

त्याने पेन खाली ठेवलं. आवाजात समजूत होती, आणि थोडा कंटाळा. हा आवाज बाई ओळखत होत्या. वर्षानुवर्षं तो त्यांचाच होता. "असं करा मॅडम," तो म्हणाला. "दप्तरखान्यातून त्या गल्लीचा नकाशा घेऊन या. मग बघू."

*

दुसऱ्या दिवशी त्या ऑफिसला गेल्याच नाहीत.

गिरणीच्या रस्त्यावर ऊन होतं. शिंपी दुकानाचं शटर नुसतं ओढून जेवायला घरी चालला होता. बाईंनी विचारलं, "मी थोडा वेळ आत बसू का?" त्याने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता शटर वर सरकवून दिलं.

त्यांनी निळ्या भिंतीवरचे कापडाचे नमुने बाजूला केले. कान टेकवला. चष्म्याची दांडी प्लास्टरवर टक्‌ करून वाजली.

आधी काहीच नाही.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज. कपबश्या. कुणीतरी उतारावरून चपला वाजवत गेलं.

आणि मग काका. अगदी जवळ, हाताच्या अंतरावर. ते काहीतरी सांगत होते. टपालाची पिशवी एकदा पुलावरून पाण्यात पडली होती, ते. बाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी ऐकलं नव्हतं.

बाईंनी भिंतीवर तळहात आपटला. "अहो! अहो, मी आहे!"

काका सांगतच राहिले. मजेत होते. पिशवीतली पत्रं कशी तरंगत गेली आणि ते कसे पाण्यात उतरले.

मग एक बाई हसली.

ते हसू बाईंनी लगेच ओळखलं. आपला आवाज माणसाला असा बाहेरून कधी ऐकू येत नाही, तरी ओळखता येतो.

"आणि मग?" ती बाई म्हणाली. आवाज मोकळा होता, निवांत. दिवसभर कुणाचं ओरडणं न ऐकलेल्या माणसाचा. "सांगा ना. मग काय झालं?"

"मग काय," काका म्हणाले, "सगळी पत्रं दोरीवर वाळत घातली."

बाईंनी दोन्ही मुठींनी भिंत बडवली. निळ्या रंगाचा पोपडा निघून पायाशी पडला.

पलीकडचं हसणं थांबलं.

"एक मिनिट हं," ती बाई हळूच म्हणाली. "पलीकडे कुणीतरी आहे."

पावलं जवळ आली. थांबली. अगदी समोर.

बाईंनी मुठी खाली घेतल्या. आणि भिंतीच्या त्या बाजूला, नेमकी त्यांच्या कानाच्या उंचीवर, चष्म्याची दांडी प्लास्टरला लागून टक्‌ करून वाजली.